सहा तासांचे तीनशे पौंड

इंग्लंडच्या इतिहासात जॉन विल्क्सचे नाव मोठे. मुलांना शिकवताना मीही ते फळ्यावर लिहितो. परंतु मला अधिक जवळचा वाटतो तो हकल नावाचा एक छापखान्यातला कामगार.

साल १७६३. आपल्याकडे पानिपताची जखम अजून ओली होती. तिकडे लंडनात विल्क्सच्या ‘नॉर्थ ब्रिटन’ पत्राच्या ४५ व्या अंकात राजाच्या भाषणावर जळजळीत टीका आली. मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्सने वॉरंट काढले : लेखक, मुद्रक, प्रकाशक, सगळ्यांना पकडा. नाव मात्र एकाचेही नाही! लंडनला आजच्यासारखे पोलीस १८२९ मध्ये मिळाले; तेव्हा हे काम राजाचे जासूद करीत. त्यांनी ४९ माणसे धरली.

त्यांत हकलही सापडला. वास्तविक त्याच्या मालकाने तो अंक छापलाच नव्हता. सहा तासांनी हकल सुटला. मारहाण नाही, उपासमार नाही. उलट मांस आणि बिअर देऊन पाहुणचार झाला. दुसरा कोणी ढेकर देऊन घरी गेला असता. या गड्याने जासुदावरच फिर्याद ठोकली. (जासुदाचे आडनाव होते मनी, म्हणजे पैसा! आम्हां कादंबरीकारांनी असे नाव ठेवले तर वाचक हसतील.)

ज्यूरीने ३०० पौंड देवविले. हकलची मजुरी आठवड्याला एक गिनी. म्हणजे ही साडेपाच वर्षांची कमाई झाली. रक्कम अवाच्या सवा आहे, खटला पुन्हा चालवा, असा प्रतिपक्षाने आग्रह धरला. मुख्य न्यायाधीश प्रॅट यांनी तो मानला नाही. नुसती अंगाला झालेली इजा मोजायची तर २० पौंडही पुरे झाले असते, हे त्यांनी मान्य केले. परंतु ज्यूरीला दिसला तो एका गरिबावर चाललेला सत्तेचा वरवंटा. बिननावाचे वॉरंट घेऊन पुरावा हुडकायला घरात शिरणे हे स्पॅनिश इन्क्विझिशनहून वाईट, असे त्यांनी सुनावले.

विल्क्सलाही पुढे भरपाई मिळाली. खुद्द हॅलिफॅक्सकडून ४,००० पौंड, पण १७६९ मध्ये.

आपल्या देशातही असा न्याय झाला आहे. शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना केरळ पोलिसांनी १९९४ मध्ये हेरगिरीच्या आरोपावरून पकडले. आरोप खोटा निघाला. सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख रुपये भरपाई देवविली ती २०१८ मध्ये. हकलला त्याच वर्षी निकाल मिळाला होता.