मानसशास्त्राची पदवी निवडताना

मानसशास्त्रात बी.ए. किंवा बी.एस्सी. केल्याने रुग्णांवर उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेला पुढील अभ्यासक्रम आणि परिषदेकडील नोंदणी आवश्यक असते. ही मान्यता विशिष्ट संस्थेतील विशिष्ट अभ्यासक्रमाला, ठरावीक मुदतीसाठी मिळते. म्हणून प्रवेशाच्या वर्षी ती लागू आहे का, हे पडताळावे. पदवी निवडताना संख्याशास्त्र, संशोधनपद्धती व प्रात्यक्षिके यांना किती स्थान आहे, हे पाहावे. पदव्युत्तर शिक्षणाचा पाया तोच असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राच्या दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांना मनाई केली आहे. त्यामुळे घरबसल्या पदवीच्या जाहिरातीवर विसंबून शुल्क भरू नये.