'पानं किती?' : दिवेआगरच्या घरगुती सोयीची कुळकथा

म्हसळा, बोर्ली पंचतन मागे टाकून गाडी दिवेआगरात शिरली की घराघरांच्या बेड्यांवर, म्हणजे आवाराच्या फाटकांवर, एकच पाटी दिसू लागते: 'घरगुती जेवणाची व राहण्याची सोय'. मुंबई-पुण्याहून चार-पाच तासांवरचं हे गाव. शनिवार-रविवारी चार किलोमीटरच्या पुळणीवर हुंदडायला येणारी कितीतरी कुटुंबं उतरतात ती अशा घरांत. ही पाटी कुणी योजना आखून लावलेली नाही. तिचं मूळ नारळी-पोफळीच्या वाडीत आहे.

गाव फार जुनं. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जाणारा शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा ताम्रपट इथलाच. रूपनारायणाची देखणी मूर्ती शिलाहारांच्या काळाची साक्ष देते. पुढे हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीकडे राहिला आणि १९४८मध्ये संस्थानाबरोबर भारतात विलीन झाला. राज्यं बदलली, पण घराची ठेवण तीच राहिली. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी, विहीर आणि तिच्या पाटाच्या पाण्यावर पोसलेली लांबच लांब वाडी. श्रीवर्धनी रोठा सुपारीवर घर चाले. मुलगे नोकरीला मुंबईत. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले की घर भरून जाई आणि एका पंगतीला पंधरा-वीस पानं वाढायची. जवळच्या हरिहरेश्वराला कुलदैवताच्या दर्शनासाठी माणसं लांबून येत. क्षेत्राच्या गावी आधी वर्दी द्यावी, उपाध्यांकडे उतरावं, जेवावं आणि निघताना दक्षिणा ठेवावी, ही रीतही या किनाऱ्याला परकी नव्हती. पाहुण्याला जेवूखाऊ घालण्याचा सराव असा पिढ्यान्‌पिढ्यांचा होता.

१७ नोव्हेंबर १९९७ रोजी, संकष्टी चतुर्थीला, एका वाडीत पोफळीसाठी खणताना तांब्याची पेटी लागली. आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा होता, सव्वा किलोच्या वर वजनाचा. बातमी पसरली आणि सुवर्णगणेशाच्या दर्शनाला गाड्यांची रीघ लागली. एवढ्या माणसांना पुरतील अशी हॉटेलं गावात नव्हती. दर्शन घेऊन भुकेलेली माणसं दारात येऊन विचारत, "जेवणाचं काही होईल का?" आणि घरातली बाई विचारी, "पानं किती?" आधी जेवण सुरू झालं, मग पडवीलगत एखादी खोली निघाली, तिला न्हाणीघर जोडलं गेलं, बेड्यावर पाटी आली. पर्यटन विकास महामंडळाची निवास-न्याहारी योजना, नोंदणी, परवाने या गोष्टी त्या सरावावर नंतर चढल्या.

'पानं किती?' हा प्रश्न आजही या व्यवसायाचा कणा आहे. सकाळीच आकडा सांगावा लागतो, कारण त्या हिशेबाने नारळ खवले जातात, बिरड्यासाठी वाल सोलले जातात. मोदक तर आधी सांगितल्याशिवाय मिळतच नाहीत. पाण्याला आधण यावं लागतं, त्यात मीठ आणि थोडं लोणी पडतं, मग तांदळाची पिठी वैरून झाकण ठेवायचं. ही उकड हाताला चटके सोसत गरम असतानाच मळावी लागते. निवली की पारीला चिरा जातात. अंगठा आत, बोटं बाहेर धरून पारी फिरवायची, सारण भरायचं, मुखऱ्या काढून वर टोक मिटवायचं, मोदक पाण्यात बुडवून केळीच्या पानावर ठेवायचा आणि वाफवायचा. तीस मोदक म्हणजे दोन बायकांची सकाळ. हे कसब घराघरांत होतं म्हणूनच इतक्या पाट्या टिकल्या.

टिकण्याची कसोटीही लागली. २४ मार्च २०१२च्या पहाटे दरोडेखोरांनी सुवर्णगणेशाच्या मंदिराच्या दोन सुरक्षारक्षकांची हत्या करून मुखवटा पळवला. तो वितळवला गेला. गावावर शोककळा पसरली, येणाऱ्यांचा ओघ रोडावला. हस्तगत झालेल्या सोन्यातून घडवलेला मुखवटा नोव्हेंबर २०२१मध्ये पुन्हा स्थापन झाला. पण मधल्या काळातही लोक येत राहिले. त्यांना आता समुद्र, वाडी आणि त्या घरचं जेवण ओढून आणत होतं.

दुसरा घाव ३ जून २०२०चा. निसर्ग चक्रीवादळाने काही तासांत वाड्या आडव्या केल्या, घरांची कौलं उडाली. करोनाच्या टाळेबंदीमुळे पाहुणे आधीच थांबलेले. नवी पोफळ लावली तर हाताशी सुपारी यायला सहा-सात वर्षं लागतात. अशा वेळी पुन्हा पेटलेल्या चुलीने अनेक घरांना आधार दिला. एकेकाळी वाडीच्या जिवावर पाहुणचार चाले. आता पाहुण्यांच्या पैशातून वाडी पुन्हा उभी राहते आहे.

म्हणून दिवेआगरला जाल तेव्हा अशाच एखाद्या घरी उतरा. पानांचा आकडा वेळेवर सांगा आणि सांगितल्या वेळेला जेवायला या. पुळणीवर गाड्या घालू नका, बाटल्या टाकू नका. घरच्यांना विचारून वाडीत एक फेरी मारा आणि निघताना त्यांच्याकडची सुपारी, नारळ, कोकम विकत घ्या. वाडी पिकती राहिली तरच ही सोय घरगुती राहील.