तारेखालचा कान

विजेवरची बेस गिटार नेमकी वाजते कुठे, असा प्रश्न कुणी केला तर तुम्ही काय उत्तर द्याल? बोट पडते ते तारेवर, हे खरे. पण साध्या गिटारीसारखी हिच्या पोटात पोकळी नाही. हिचे अंग बहुधा भरीव लाकडाचे. विजेची जोड काढून वाजवली, तर शेजारच्या खोलीतही धड ऐकू जायची नाही. तिचा खरा आवाज जन्मतो तो तारांखाली बसवलेल्या एका लहानशा डबीत. या डबीला पिकअप म्हणतात. मी तिला तारेखालचा कान म्हणतो. तार काय बोलली यापेक्षा या कानाने काय ऐकले, तेच शेवटी कर्ण्यातून आपल्यापर्यंत येते.

आणि गंमत अशी, की हा कान बदलता येतो! वाद्य तेच, तारा त्याच, बोटेही तीच, आणि आवाज निराळा. त्यामुळे ज्याच्या हाती जुनी किंवा स्वस्तातली बेस गिटार पडते, त्याला एक ना एक दिवस वाटू लागते, की आपणही पिकअप बदलून पाहावा. बाजारात जाती पुष्कळ, आणि चांगल्या जोडीची किंमत कधी कधी स्वस्त वाद्याच्या किमतीला जाऊन भिडते. मग निवड करावी कशी? मी इतिहासाचा मास्तर. तेव्हा उत्तरही इतिहासाच्या वाटेनेच देणार. आजवर जो जो नवा पिकअप निघाला, तो कुणाच्या तरी तक्रारीचे उत्तर म्हणून निघाला. ती तक्रार कोणती हे कळले, की ते उत्तर आपल्या कामाचे आहे की नाही, हेही आपोआप कळते.

सुरुवात घराजवळून करू. आमच्या अँटॉप हिलच्या एका अंगाला सरकारी वसाहती, दुसरीकडे सायन कोळीवाडा, आणि दक्षिणेकडे उतरत गेले की परळ-लालबागचे गिरणगाव. या टापूत गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो ऐकला नाही असा माणूस विरळा. हा बेंजो म्हणजे अमेरिकेतला गोल तोंडाचा बँजो नव्हे. याचे मूळ जपानात. १९१२ साली तिथे तैशो युग सुरू झाले, आणि त्याच सुमारास नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले एक तंतुवाद्य तयार केले. त्याचे नाव तैशोगोतो. आपल्याकडे ते आले आणि बुलबुलतरंग झाले. मुंबईच्या पोरांनी त्याचा बेंजो केला. डाव्या हाताने कळा दाबायच्या नि उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या.

घरात हे वाद्य गोड वाटते. पण ढोल-ताशांच्या गर्दीत, भर रस्त्यावर त्याचा आवाज कुणाच्या कानी पडणार? म्हणून बेंजोच्या तारांखाली पिकअप बसला, जोडीला ध्वनिवर्धक आला, आणि तो अणकुचीदार, गर्दी चिरत जाणारा आवाज रस्त्यावर निघाला. तक्रार होती “ऐकू येत नाही” ही. उत्तर मिळाले ते धारदार आवाजाचे. तो आवाज गोड आहे की कर्कश, हा वाद बाजूला ठेवा. ज्या कामासाठी तो हवा होता, ते काम त्याने चोख केले.

आता हा कान ऐकतो तरी कसा? युक्ती साधी आहे. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबकीय क्षेत्र बदलले, तर वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. पिकअपमध्ये लोहचुंबक असतो आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की क्षेत्र हलते, आणि तारेच्या कंपनाची हुबेहूब नक्कल करणारी इवलीशी वीज वेटोळ्यात उमटते. म्हणून नायलॉनच्या तारेखाली हा पिकअप मुका राहतो. त्याला माणसाचा गळाही ऐकू येत नाही. त्याला कळते ती फक्त लोखंडाची भाषा.

वाद्यासाठी ही युक्ती पहिल्यांदा यशस्वी केली ती अमेरिकेत, जॉर्ज बोशॅम्प आणि अडॉल्फ रिकेनबॅकर यांनी, १९३१-३२ च्या सुमारास. तेही साध्या गिटारीवर नव्हे, तर मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारीवर. आपल्याकडेही विजेच्या गिटारीची गोडी मोठ्या प्रमाणात लागली ती याच हवाईयन गिटारीमुळे. वॅन शिपली यांनी तिच्यावर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको.

बेसची तक्रार मात्र दुहेरी होती. नाचगाण्याच्या मेळ्यात खालचा सूर धरायचा तो माणसाहून उंच अशा उभ्या डबल बेसने. तो न्यायचा म्हणजे हमाली, आणि इतके करून पितळी वाद्यांपुढे तो ऐकू येई न येई. शिवाय त्याला पडदे नाहीत; सूर कानाने आणि सरावानेच गाठायचा. लिओ फेंडर यांनी १९५१ साली गळ्यात अडकवायची, पडद्यांची, विजेची बेस गिटार बाजारात आणली. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो, म्हणून तिचे नाव प्रिसिजन. चार तारांखाली एकच वेटोळे, एकच कान.

तिथून एक नवी तक्रार सुरू झाली: गुणगुण. वेटोळे लोखंडाची भाषा ऐकते खरे, पण भिंतीतल्या विजेचीही ऐकते. पंख्याचा रेग्युलेटर, ट्यूबलाइटचा चोक, ट्रान्सफॉर्मर, साऱ्यांची कुजबुज ते इमानाने पुढे पोचवते. यावर गिब्सन कंपनीच्या सेठ लव्हर यांनी १९५५ साली तोड काढली. दोन वेटोळी अशी जोडायची, की बाहेरची गुणगुण एकमेकांत खोडली जावी आणि तारेचा आवाज मात्र बेरजेत राहावा. याला हम्बकर म्हणतात. फेंडरने १९५७ साली प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत विभागला. दोन तारांखाली एक तुकडा, उरलेल्या दोन तारांखाली दुसरा. हेतू तोच, पण आवाजाचा जुना ठसका न घालवता.

या गुणगुणीचा आपल्याकडचा हिशेब जरा निराळा आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, अमेरिकेतली ६० ची. बेसच्या चार मोकळ्या तारांची कंपने जाडीकडून सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर ५० आवर्तनांचा सूर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या जवळ, पण थोडा चढा. आणि त्याची दुप्पट, म्हणजे १००, ही बेसच्या चौथ्या मोकळ्या तारेला अगदी खेटून. अमेरिकेतली गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध पडते. म्हणजे १९१५ साली खोपोलीहून गिरण्यांचे साचे फिरवण्यासाठी जी वीज मुंबईत आली, ती आज आपल्या बेसच्या शेजारी बसून जरा बेसूर असा षड्ज धरते! पांढरी पाचात गाणे असले, की ती फार जाणवते. तेव्हा परदेशातला वादक “थोडी गुणगुण चालते” म्हणत असेल, तर त्याचे ऐकावे; पण आपल्या खोलीत, आपल्या विजेवर वाजवून मगच ठरवावे.

१९६० साली फेंडरची जॅझ बेस आली. तिला दोन पिकअप, एक मानेकडे नि एक घोडीकडे. इथे एक तत्त्व ध्यानात ठेवा. घोडीजवळ तार ताठ असते, तिथे वरचे, खणखणीत उपस्वर जास्त सापडतात. मानेकडे मूळ सूर भरघोस मिळतो. कानाची जात बदलली तरी कानाची जागा बदलत नाही. घोडीजवळचा पिकअप कितीही महागाचा घेतला, तरी तो मानेजवळचा भरीव आवाज देणार नाही. जॅझ बेसची दोन वेटोळी परस्परांविरुद्ध असल्याने दोन्हींचा आवाज सारखा ठेवला की गुणगुण जाते. एक कमी केला की ती परत हजर.

१९७० च्या दशकात आणखी एक धंदा उभा राहिला, तो निव्वळ बदली पिकअपचा. १९७२ साली लॅरी डिमार्झिओ यांनी आणि १९७६ साली कॅलिफोर्नियात सेमूर डंकन यांनी आपापल्या कंपन्या काढल्या. कुणाला अधिक जोर हवा होता, कुणाला जुन्या वाद्याचा हरवलेला स्वर. त्याच दशकात इएमजी कंपनीचे, आत लहानसे वर्धक यंत्र आणि नऊ व्होल्टची बॅटरी असलेले पिकअपही निघाले. त्यांत गुणगुण फार कमी, आवाज स्वच्छ नि एकसारखा; पण बॅटरी संपली की वाद्य मुके. आपल्याकडे त्या काळी परवान्यांचे राज्य. १९९१ पर्यंत परदेशी वाद्य मिळणे हेच मुश्कील. जे हाती आहे ते दुरुस्त करून वाजवायचे, हीच रीत.

आता तुम्ही म्हणाल, इतिहास झाला. घ्यायचा कोणता ते सांगा. सांगतो. पण आधी तुमची तक्रार एका वाक्यात कागदावर लिहा. “आवाज चांगला नाही” ही तक्रार नव्हे.

“आवाज मेलेला आहे” असे असेल, तर आधी तारा बदला. घामाने नि मळाने तारा मरतात, आणि दोष बिचाऱ्या पिकअपवर येतो. मग स्क्रू फिरवून पिकअप किंचित वर-खाली करून पाहा. फार वर नेऊ नका. चुंबक तारेला ओढू लागला की सूरच डळमळतो. पुष्कळांचे काम इथेच फुकटात होते.

“गुणगुण आहे” असे असेल, तर वाद्य हातात धरून स्वतःभोवती एक गिरकी घ्या. गुणगुण कमी-जास्त झाली, तर ती वेटोळ्याने पकडलेली आहे. तिथे दुहेरी वेटोळ्याचा पिकअप उपयोगी पडेल. तारेला हात लावताच ती कमी होत असेल, तर आतल्या खाचेला तांब्याच्या पत्र्याचे अस्तर आणि नीट डाख दिलेली जोडणी, एवढ्यावर बहुधा भागते.

“गर्दीत ऐकू येत नाही” असे असेल, तर अधिक वेढ्यांचा पिकअप जोर देतो, पण वरचे स्वर थोडे दबतात. चुंबकाचाही फरक आहे. अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचा अल्निको सहसा मऊ मानतात, सिरॅमिक सहसा टणक. पण वेढे किती आणि घडण कशी, यावर अखेरचा स्वर ठरतो. जाहिरातीतला ओहमचा आकडा पाहून हुरळू नका. तो तारेची लांबी नि जाडी सांगतो, गुण सांगत नाही.

आणि दुकानात जाण्याआधी पट्टी लावून माप घ्या. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप सारखे दिसतात, पण घोडीकडचा किंचित लांब असतो. चुकीचा आणला, तर लाकूड कोरावे लागेल, आणि कोरलेले लाकूड परत भरून येत नाही. काढलेला जुना पिकअप भंगारात देऊ नका. कापडात गुंडाळून, त्यावर साल घालून ठेवा. नव्याचे नऊ दिवस सरले, की जुन्याची आठवण येते, आणि पुढे वाद्य विकायचे झाले तर त्या डबीला मोल येते.

शेवटी पुन्हा त्या मिरवणुकीतल्या बेंजोकडे पाहा. उद्या कुणी हौशीने त्यात अतिशय मऊ नि गुळगुळीत आवाजाचा पिकअप बसवला, तर वाद्य कदाचित सुधारल्यासारखे वाटेल. पण रस्त्यावर ते हरवेल, आणि त्याच्याबरोबर गिरणगावाच्या कानात बसलेला एक आवाजही हरवेल. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबत गेले, हे आपण पाहिले आहे. आवाज एकदा गेला की त्याचे चित्र राहते, नाव राहते, आवाज राहत नाही. तेव्हा कान बदलण्याआधी एवढेच विचारा: हे वाद्य कुणाशी बोलणार आहे, आणि कुठे? छोट्या खोलीत, मंडपात की भर रस्त्यावर? उत्तर मिळाले, की दुकानदाराने पुढ्यात दहा डब्या मांडल्या तरी तुमचा हात बरोबर एकीवरच जाईल.