खांद्यावरून चाकांवर

राजे, किल्ले आणि लढाया यांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. घरातून रोज बाहेर पडणाऱ्या केराचा इतिहास मात्र कोणी शिकवीत नाही. वास्तविक हा केर कोणी उचलावा, कशात भरावा आणि त्याचा भार कोणाच्या अंगावर पडावा, हा प्रश्न प्रत्येक शहराला सोडवावा लागला आहे. गृहनिर्माण सोसायटीच्या फाटकाशी उभी असणारी दोन चाकांची प्लास्टिकची कचरापेटी हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे. ते सापडायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

या कथेचा आरंभ पॅरिसमध्ये करणे योग्य ठरेल. युजेन पुबेल हे तेथील प्रशासक होते. २४ नोव्हेंबर १८८३ रोजी त्यांनी हुकूम काढला, की प्रत्येक घरमालकाने भाडेकरूंसाठी झाकणाची पेटी ठेवावी. तोवर लोक केर सरळ रस्त्यावर टाकीत. पुबेल यांनी एक नव्हे, तीन पेट्या सांगितल्या होत्या : कुजणाऱ्या पदार्थांसाठी एक, कागद आणि चिंध्यांसाठी दुसरी, काच, फुटकी भांडी व कालवांचे शिंपले यांसाठी तिसरी. खर्च वाढला म्हणून घरमालक रागावले. वृत्तपत्रांनी थट्टेने त्या पेटीलाच 'पुबेल' म्हटले, आणि आजही फ्रेंच भाषेत कचरापेटीला हाच शब्द आहे.

परंतु घरमालकांच्या रागाहून मोठा आकांत दुसरीकडे उसळला. पाठीवर करंडा व हातात आकडा घेऊन रात्री रस्त्यावरचा केर चाळणारे हजारो चिंध्यावेचे पॅरिसमध्ये होते. त्यांनी वेचलेल्या चिंध्यांपासून कागद बने, हाडांपासून सरस बने. केर पेटीत गेला आणि त्यांचा घास हिरावला गेला. त्यांच्या विरोधामुळे अखेर प्रशासनाला काहीशी माघार घ्यावी लागली. गाडी येण्यापूर्वी पेटी कापडावर रिकामी करून वेचण्याची मुभा त्यांना मिळाली. तीन पेट्यांचा नियम मात्र लवकरच मागे पडला. शहर स्वच्छ करताना त्या केरावर जगणाऱ्यांचे काय, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

इंग्लंडमधील कथा वेगळी. तेथे कचरापेटीला 'डस्टबिन' म्हणतात, पण त्यातील 'डस्ट' म्हणजे मुख्यत्वे चुलीतील कोळशाची राख. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर घरोघरी हलवता येण्याजोगी पेटी ठेवण्याची पद्धत रुळत गेली. राख गरम असे, म्हणून पेटी जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याची असे. सफाई कामगार घराच्या परसात जाई, भरलेली पेटी खांद्यावर घेई, गाडीपर्यंत नेई आणि रिकामी पेटी पुन्हा जागेवर आणून ठेवी. पावसात, बर्फात, दिवसातून कितीतरी वेळा! पाठीचे व सांध्यांचे दुखणे हे जणू त्या धंद्याचे वेतनच होते.

हे चित्र पालटले ते दोन निरनिराळ्या घडामोडींमुळे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुक्याचे जीवघेणे सावट पसरले, आणि १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. घराघरांतील कोळसा हळूहळू गेला आणि त्याबरोबर राखही गेली. केर वजनाने हलका, पण आकाराने मोठा झाला. दुसरीकडे, १९५३ साली जर्मनीतील म्युलहाइम येथे कार्ल त्सिग्लर यांनी कमी दाबाखाली घट्ट पॉलिथिलीन तयार करण्याची पद्धत शोधली. निखारा नसलेल्या केरासाठी आता प्लास्टिकची पेटी चालणार होती. १९६८ च्या सुमारास इंग्लंडमधील स्लाउ येथील एका साचेकाम कारखान्यात, कारखान्यातीलच टाकाऊ माल हलविण्यासाठी चाकांची पेटी बनविली गेली, असे सांगितले जाते. तेथून ती घराघरांत पोहोचली. १९९७ मध्ये ई. एन. ८४० या युरोपीय मानकाने तिची मापे निश्चित केली.

तिची युक्ती साधी आहे. पेटी मागे कलवली की बहुतेक भार आसावर येतो. पुढील ओठाला गाडीमागचा दातेरी उचलक पकडतो, पेटी वर नेऊन उलटी करतो आणि झाकण आपोआप उघडते. २४० लिटरच्या पेटीत ९६ किलोपर्यंत भार भरता येतो. एवढे ओझे कोणत्या खांद्याने वाहावे? चाकांनी माणसाची पाठ वाचविली, हे निःसंशय. मात्र पेटी रस्त्याच्या कडेला आणून ठेवण्याचे काम आता घरच्यांकडे आले, आणि गाडीमागची माणसेही कमी लागू लागली.

आपल्याकडे हे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. मुंबईचा केर वाहण्यासाठी १९०६ साली कुर्ला ते चेंबूर असा खास लोहमार्ग घातला गेला. प्रवासी गाडी तेथे १९२४ मध्ये आली. यंत्रे अशी केव्हाच आली, तरी घरापासून गाडीपर्यंतचा केर माणसाच्या हातांनीच जात राहिला. चाके जिना चढत नाहीत. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभारली. तिच्यातूनच जन्मलेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महानगरपालिकेशी करार केला. बहुसंख्य महिला असलेल्या या सभासद दारोदारी केर घेऊन ढकलगाडीतून नेऊ लागल्या, आणि सुका माल विकण्याचा हक्क त्यांच्याकडे राहिला. पॅरिसच्या चिंध्यावेच्यांना विनवणी करून जे मिळाले, ते येथे कराराने मिळाले.

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करण्यास सांगितले, आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्यासही. पुबेल यांच्या तीन पेट्यांना तेव्हा १३३ वर्षे झाली होती. पेटीला चाके लावणे हे कारखान्याचे काम होते व ते झाले. परंतु तिच्यात काय, कसे टाकावे, हे अजूनही स्वयंपाकघरातच ठरते. फुटलेली काच वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवली, तर एखाद्या बाईचा हात कापायचा वाचतो. एवढे तर कोणत्याही कुटुंबाला जमण्यासारखे आहे.