मुंबई बेटावरील पूरपातळीच्या नोंदी आणि त्यांची विश्वसनीयता

गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांच्या इतिहासात ‘पूर’ हा शब्द जपून वापरावयास हवा. मिठी नदी बेटाच्या उत्तर सीमेवरूनच माहीमच्या खाडीस मिळते. या वस्त्यांतून कोणतीही नदी वाहत नाही. येथे तुंबते ते पावसाचे पाणी, आणि ते तुंबते समुद्राच्या भरतीमुळे. सांगलीकरास कृष्णेचा पूर आयर्विन पुलावरील फुटांत सांगता येतो. २००५ चा सुमारे ५३ फुटांचा व २०१९ चा सुमारे ५७ फुटांचा, असे दोन पूर तो एकाच मोजपट्टीवर शेजारी शेजारी ठेवू शकतो. लालबागेस अशी पट्टी नाही. मग प्रत्येक मोठ्या वृष्टीनंतर ‘एवढे पाणी पूर्वी कधीच चढले नव्हते’ असे जे विधान ऐकू येते, ते अभ्यासकाने कशावर पारखावयाचे?

प्रथम मनात येतो तो पर्जन्यमापनाचा आधार. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली, आणि तिची दीर्घ नोंदमाला ही या शहराची मोठीच ठेव होय. परंतु ती एका बिंदूची नोंद आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर! केवळ कुलाब्याची वही हाती असलेल्या भावी इतिहासकारास तो दिवस पावसाळ्यातील एक साधारण दिवस वाटला असता. एकोणिसाव्या शतकातील मुंबईविषयी आपण नेमक्या याच स्थितीत आहोत. उलट ५ जुलै १९७४ रोजी कुलाब्यास ५७५.६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. या नोंदीचा निर्वाळा दक्षिण मुंबईपुरता धरावा, परळपर्यंत तो ताणू नये. शिवाय वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो, वृत्तपत्राचा मध्यरात्री. एकाच पावसाच्या दोन तारखा व दोन आकडे आढळतात ते पुष्कळदा यामुळेच.

पाऊस म्हणजे पातळी नव्हे, हे वेगळे सांगावयास नको. शहरातील पर्जन्यजलवाहिन्यांची समुद्रास मिळणारी बहुतेक तोंडे भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती असता ती मिटल्यासारखीच होतात. म्हणून तोच पाऊस ओहोटीस पडला तर घोटाभर आणि भरतीस पडला तर कमरेइतका ठरतो. ज्या नोंदीत वेळ नाही, तीत पातळीचे निम्मे कारणच गळालेले असते.

आता आधारपातळीचा प्रश्न. माझ्या मते सर्वांत अधिक घोटाळा येथेच होतो. मुंबईत उंची मोजण्याच्या तीन निरनिराळ्या पद्धती एकाच वेळी चालू आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे मध्यम समुद्रसपाटीपासून उंची देतात. १९०९ मध्ये निश्चित झालेल्या त्या सपाटीसाठी ज्या नऊ बंदरांतील भरतीओहोटीचे वेध आधारभूत धरले, त्यांत मुंबईही होती. भरतीची कोष्टके सागरी नकाशांच्या शून्यापासून मोजतात, आणि ते शून्य मध्यम सपाटीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. महानगरपालिकेचे आराखडे मात्र टाऊन हॉलच्या आधारपातळीवर बेतलेले असून तीत समुद्रसपाटीच वीस मीटरहून अधिक भरते. अशा आराखड्यातील २७ मीटर हा आकडा पाहून नवख्यास तेथे टेकडी असल्याचा भास व्हावा. वस्तुतः ती सखल जमीन असते. २६ जुलै २००५ ची भरती ४.४८ मीटर होती. ती समुद्रसपाटीवरून मोजलेल्या रस्त्याच्या उंचीशी सरळ ताडून पाहिली, तर चूक अडीच मीटरांची, म्हणजे पुरुषभर उंचीहून अधिक होते. जुने आराखडे फुटांत, नवे मीटरमध्ये, ही अडचण त्यामानाने किरकोळच.

वृत्तपत्रे व स्मरणलेख पाणी माणसाच्या देहावर मोजतात: गुडघाभर, कमरेइतके, छातीपर्यंत. ही मापे टाकाऊ नाहीत. परंतु ती खोली सांगतात, पातळी नव्हे. आणि खोली ज्या रस्त्यावरून मोजली तो रस्ता स्थिर राहिलेला नाही. डांबराचे थरावर थर चढून परळ-लालबाग परिसरात कित्येक जुन्या चाळींची जोती रस्त्याच्या बरोबरीस, क्वचित त्याखालीही गेली आहेत. पूर्वी जेथे दोन पायऱ्या चढून घरात जावे लागे, तेथे आता उतरावे लागते. तेव्हा एखाद्या खोलीत १९७४ साली पाणी शिरले नाही व २००५ साली शिरले, एवढ्यावरून २००५ चे पाणी अधिक चढले असे ठरत नाही. अलीकडील पाणी रस्त्यावर उथळ आणि घरात खोल, असाही प्रकार संभवतो. हिंदमाता परिसरात तर २०१६ मध्ये ब्रिटानिया येथील उदंचन केंद्र सुरू झाल्यावर व त्यानंतर भूमिगत साठवणटाक्या बांधल्या गेल्यावर निचऱ्याची रीतच पालटली. त्याआधीच्या व नंतरच्या खोलींची तुलना पावसाविषयी फारसे काही सांगत नाही.

मागे जावे तसा ‘पूर’ या शब्दाचा अर्थही बदलतो. १७८४ च्या सुमारास हॉर्नबीचा बांध पुरा होऊन महालक्ष्मी-वरळी येथील खिंडार बुजले. तोपर्यंत मध्य बेटावरील सखल भागात समुद्र भरतीबरोबर आत येई. जे नित्य घडते त्याची आपत्ती म्हणून नोंद होत नाही. त्या काळच्या कागदपत्रांत पुराचा उल्लेख सापडत नाही, म्हणून तेथे पाणी नव्हते असे अनुमान काढणे चुकीचे होय.

यास्तव जुन्या साक्षींतील खोली पातळीत रूपांतरित करण्याचे काम हाती घ्यावयास हवे. साक्षीदाराने ‘कमरेइतके’ म्हटले तर कोणत्या उंबऱ्यापाशी, कोणत्या पायरीवर, हे विचारून घ्यावे. देवळाची पायरी, चाळीचे दगडी जोते, गिरणीचे जुने प्रवेशद्वार ही न हललेली ठिकाणे शोधून त्यांची उंची जवळच्या तलचिन्हाशी सपाटीकरणाने जोडावी, आणि प्रत्येक आकड्यापुढे आधारपातळीचे नाव व भरतीची वेळ लिहावी. परळ-लालबागच्या जुन्या चाळी झपाट्याने पाडल्या जात आहेत. जोते गेले की त्यावरची खूणही जाते.