लोअर परळची चिमणी काय सांगते आणि काय सांगत नाही

नेट, सेट, पेट किंवा एखाद्या मुलाखतीसाठी मुंबईला गेलात आणि शनिवार-रविवार मोकळा मिळाला, तर कोणीतरी मित्र तुम्हाला लोअर परळला नेतोच. फिनिक्सचा मॉल, कमला मिलचा परिसर, काचेची ऑफिसं, आणि दर बघून आपण हळूच खाली ठेवतो ते मेन्यू कार्ड. जरूर फिरा. पण तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तेव्हा फिरता फिरता एक सराव करून बघा. समोर दिसणाऱ्या गोष्टीतून संशोधनाचा प्रश्न कसा तयार करायचा, हे शिकायला या भागासारखी दुसरी प्रयोगशाळा नाही. माझा विषय विज्ञानातला, त्यामुळे भाषाही प्रयोगशाळेचीच येईल, ती चालवून घ्या.

आधी निरीक्षण

फिनिक्सच्या आवारात जुन्या गिरणीची चिमणी अजून उभी आहे. फिनिक्स मिल १९०५ ची. आजूबाजूच्या पत्त्यांमध्ये 'मिल' आणि 'कंपाउंड' हे शब्द सारखे भेटतात. म्हणजे इथे गिरण्या होत्या, एवढं कळलं. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी काढायला घेतली, आणि पुढे परळ-लालबाग-वरळीचा हा सगळा पट्टा 'गिरणगाव' झाला.

आता इथेच थांबून विचारा: काय दिसत नाहीये? एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कोकणातले, घाटावरचे कामगार दिसत नाहीत. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका दिसत नाहीत. याच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं होतं. चिमणी टिकली, कारण ती मॉलमध्ये शोभून दिसते. खानावळीला तसं भाग्य नाही. सांख्यिकीत याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. जे उरलंय तेवढ्यावरच निष्कर्ष काढला, तर तो चुकीच्या बाजूला झुकतो.

मग गृहीतक तपासा

गिरण्या का गेल्या, असं कोणालाही विचारा. उत्तर ठरलेलं: "दत्ता सामंतांचा संप." १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि तो कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. हे सगळं खरं आहे. पण घटना आधी आणि परिणाम नंतर, एवढ्यावर कार्यकारणभाव सिद्ध होतो का? आपल्याकडे अशा वेळी कंट्रोल लागतो.

तो अहमदाबादमध्ये आहे. तिथेही मोठा कापड उद्योग होता आणि कामगारांची जुनी संघटना होती, पण १९८२ सारखा संप झाला नाही. तरीही १९८० आणि १९९० च्या दशकांत तिथल्या गिरण्या धडाधड बंद पडल्या. म्हणजे संपाशिवायही गिरण्या बुडू शकत होत्या. जुनी यंत्रं आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवरचं स्वस्त कापड ही कारणं संपाच्या आधीपासूनच काम करत होती. संपाने मुंबईत त्याला वेग दिला असेल, पण सगळा भार त्याच्या एकट्यावर टाकता येत नाही.

आणि आता खरा प्रश्न

बहुतेक जण इथे एक गल्लत करतात. 'गिरण्या का बंद पडल्या?' आणि 'त्यांच्या जागी मॉल का आले?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं पूर्ण उत्तर मिळालं तरी दुसरा सुटत नाही. बंद गिरणीच्या जागी बाग, शाळा किंवा स्वस्त घरंही येऊ शकली असती.

किंबहुना कागदावर तसं ठरलंही होतं. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम बघा. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास झाला, तर ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. एकूण जमीन होती सुमारे ६०० एकर. मग २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची होणार, शेड पाडून मोकळी होणारी जमीन त्यात धरायची नाही. गिरणीची बहुतेक जमीन तर शेडखालीच असते! एका व्याख्येने शहराचा वाटा आक्रसला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ चा बदल कायम राहिला.

याचं मोल काय? लोअर परळमध्ये भर दुपारी बसायला फुकटची सावली शोधून बघा, कळेल. २९ सप्टेंबर २०१७ ला शेजारच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलमधल्या आगीत १४ गेली. याचं थेट कारण नियम ५८ असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण जिथे एवढी ऑफिसं आणि हॉटेलं उभी राहिली, तिथे सार्वजनिक जागा आणि सोयी किती वाढल्या, हा प्रश्न मोजता येण्यासारखा आहे. आणि मोजता येतो, म्हणूनच तो संशोधनाचा आहे.

तुमच्यासाठी

यातून तीन सवयी उचला. दिसतंय त्याच्या शेजारी 'दिसत नाही' अशी दुसरी यादी करा. सगळ्यांना पाठ असलेल्या कारणासाठी एक कंट्रोल शोधा. आणि फोटो काढून झाले की कंटाळवाणा कागद वाचा: नियमावली, राजपत्र, निकालपत्र. कागदात माणसं सापडत नाहीत, त्यासाठी मौखिक इतिहास हवा. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' जरूर वाचा, कामगारांच्याच तोंडून सगळं ऐकायला मिळेल.

मुंबईला जाणं होणार नसेल तरी काही बिघडत नाही. नागपुरात जमशेटजी टाटांची १८७७ ची एम्प्रेस मिल होती, तिथेही आज मॉल आहे. तुमच्या गावातही बंद पडलेलं काहीतरी असेलच. त्याबद्दल दोन प्रश्न वहीत वेगवेगळे लिहा: ते का गेलं, आणि त्याच्या जागी हेच का आलं? प्रस्तावाचं पहिलं पान बहुधा दुसऱ्या प्रश्नातून निघेल.