इन्फ्ल्यूएन्झाची साथ आणि १९१८ ची अमेरिकन निवडणूक

महामारीच्या काळात होणाऱ्या निवडणुकीचा निकाल महामारीच ठरविते, असा समज सामान्यतः आढळतो. घरोघरी मृत्यूचे थैमान चालू असता सत्तारूढ पक्षाला त्याचे प्रायश्चित्त मिळावे, हे तर्काला धरूनही आहे. या समजाची कसोटी पाहण्यास ५ नोव्हेंबर १९१८ रोजी झालेल्या अमेरिकन काँग्रेसच्या निवडणुकीइतके योग्य उदाहरण क्वचितच सापडेल. या साथीत अमेरिकेत सुमारे ६,७५,००० माणसे दगावली, असा अंदाज आहे. त्यांपैकी जवळजवळ दोन लाख माणसे मतदानाच्या आधीच्या एकट्या ऑक्टोबर महिन्यात मृत्युमुखी पडली. असे असूनही निवडणुकीच्या निकालावर साथीचा ठसा शोधू गेल्यास तो फारच अंधुक दिसतो. उलट, सॅन फ्रान्सिस्को शहरात तोंडावर बांधावयाच्या एका कापडी पट्टीने नागरिकांना सभागृहात एकत्र आणले. मृत्यूने जे केले नाही ते आज्ञेने केले. या विसंगतीचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

साथीची दुसरी आणि सर्वांत घातक लाट ऑगस्टच्या अखेरीस बोस्टन बंदरात उठली आणि लष्करी छावण्यांच्या वाटेने देशभर पसरली. २८ सप्टेंबर रोजी फिलाडेल्फियात युद्धकर्जाच्या प्रचारासाठी प्रचंड मिरवणूक निघाली. पुढील काही दिवसांतच त्या शहरातील रुग्णालये अपुरी पडली. केंद्रीय आरोग्यसेवेचे प्रमुख रूपर्ट ब्लू यांनी सार्वजनिक जमाव टाळण्याचा सल्ला दिला; परंतु तो सल्लाच होता. आज्ञा देण्याचा अधिकार राज्यांच्या आणि शहरांच्या आरोग्याधिकाऱ्यांकडे होता. काँग्रेसने साथनिवारणार्थ दहा लक्ष डॉलर मंजूर केले आणि केंद्राचे कर्तव्य बहुतांशी तेथेच संपले. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी या रोगासंबंधी जनतेला उद्देशून काही निवेदन केल्याचे आढळत नाही. विरोधी पक्षानेही त्याबद्दल त्यांना जाब विचारला नाही, ही गोष्ट विशेष लक्षणीय होय.

प्रचाराचे स्वरूप मात्र साथीने पालटून टाकले. अनेक शहरांत नाट्यगृहे, शाळा, चर्च आणि सभागृहे बंद झाली व त्यांबरोबर प्रचारसभाही बंद झाल्या. उमेदवारांना वृत्तपत्रे, जाहिराती आणि टपाल यांवर भिस्त ठेवावी लागली. स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ करणाऱ्यांना याची झळ विशेष लागली. कारण सभा आणि घरोघरची भेट हीच त्यांची प्रमुख साधने होती. तरीही मिशिगन, साउथ डकोटा आणि ओक्लाहोमा या तीन राज्यांत मताधिकाराचा प्रस्ताव संमत झाला. केवळ लुइझियानात तो फेटाळला गेला.

निकालाने विल्सन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने काँग्रेसची दोन्ही सभागृहे गमावली. सिनेटमध्ये रिपब्लिकनांना ४९ विरुद्ध ४७ असे निसटते बहुमत मिळाले. परिणामी हेन्री कॅबट लॉज हे परराष्ट्रव्यवहार समितीचे अध्यक्ष झाले आणि पुढे व्हर्सायचा तह सिनेटने १९१९ व १९२० मध्ये नामंजूर केला. एवढ्या दूरगामी निकालाची कारणे शोधताना इतिहासकार साथीकडे क्वचितच वळतात. २५ ऑक्टोबर रोजी विल्सन यांनी आपल्याच पक्षाचे विधिमंडळ निवडून देण्याचे उघड आवाहन केले, ते युद्धकालीन ऐक्याचा भंग करणारे वाटले. शिवाय गव्हाच्या दरावर सरकारी नियंत्रण असताना दक्षिणेतील कापूस मोकळा सोडल्यामुळे पश्चिमेकडील शेतकरी असंतुष्ट होता. अध्यक्षाच्या कारकीर्दीच्या मध्यावर त्याच्या पक्षाच्या जागा घटणे ही तर अमेरिकन राजकारणातील नेहमीची गोष्ट. या कारणांपुढे साथीसाठी फारशी जागा उरत नाही. न्यू मेक्सिकोचे सिनेटर अल्बर्ट फॉल यांची दोन अपत्ये थोड्या दिवसांच्या अंतराने या रोगाने गेली. विल्सन यांनी विरोध करूनही ते निवडून आले. पण हा वैयक्तिक दुःखाबद्दलच्या सहानुभूतीचा भाग असू शकेल. त्यात आरोग्यधोरणावरचा कौल नव्हता.

मतदानाच्या प्रमाणाविषयीही सावधगिरी हवी. १९१४ मध्ये ते सुमारे ५० टक्के होते. १९१८ मध्ये सुमारे ४० टक्क्यांवर आले. ही घट साथीच्या खाती जमा करण्याचा मोह होतो. तथापि त्या वेळी लक्षावधी मतदार सैन्यात, पुष्कळसे समुद्रापार, होते. साथ ओसरल्यानंतर १९२२ मध्ये हे प्रमाण आणखी खाली गेले. अर्थात मध्यंतरी देशभर स्त्रियांना मताधिकार मिळून मतदारवर्गच बदलला होता. तेव्हा साथीने काही मतदार घरी राहिले, एवढेच निश्चयाने म्हणता येते. कोणत्या पक्षाचे राहिले, हे म्हणता येत नाही.

मग मतदाराचा रोष कोठे गेला? रोषाला जबाबदार व्यक्ती लागते. १९१८ च्या नागरिकाच्या दृष्टीने इन्फ्ल्यूएन्झा ही वादळासारखी आपत्ती होती. त्याचे कारण असलेला विषाणू अद्याप सापडला नव्हता, लस वा औषध नव्हते, आणि रोगापासून रक्षण करणे हे वॉशिंग्टनचे काम आहे, ही कल्पनाही रुजली नव्हती. जेथे अपेक्षाच नाही तेथे अपेक्षाभंगही नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत मात्र वेगळे घडले. तेथील आरोग्याधिकारी डॉ. विल्यम हॅसलर यांच्या आग्रहावरून ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात मुखपट्टी सक्तीची झाली. न बांधणाऱ्यास दंड किंवा अल्प मुदतीची कैद होई. न्यायालयाचे काम उघड्या मैदानात चाले. चिरूट ओढण्यासाठी पट्टीला भोक पाडणारे महाभागही होते. प्रारंभी बहुसंख्य लोकांनी नियम पाळला, कारण युद्ध चालू होते आणि पट्टी न बांधणाऱ्यास सैन्यभरती चुकविणाऱ्याच्या पंक्तीला बसविले जाई. मतदारांनी पट्टी बांधूनच मतदान केले. सहा दिवसांनी युद्धविराम झाला आणि या शिस्तीचा आधारच नाहीसा झाला. मुष्टियुद्धाच्या सामन्यात स्वतः महापौर जेम्स रॉल्फ आणि डॉ. हॅसलर उघड्या तोंडाने बसलेले छायाचित्रात दिसले व त्यांनाही दंड भरावा लागला. २१ नोव्हेंबरच्या दुपारी भोंगे वाजताच लोकांनी पट्ट्या रस्त्यात फेकून दिल्या.

जानेवारी १९१९ मध्ये साथ पुन्हा वाढली व सक्ती पुन्हा आली, तेव्हा मुखपट्टीविरोधी संघ स्थापन झाला. त्याच्या सभेला सुमारे दोन हजार लोक जमले. वैयक्तिक स्वातंत्र्य, पट्टीच्या उपयुक्ततेविषयी शंका आणि अधिकाऱ्यांविषयीचा राग हे सारे तेथे एकत्र आले. १ फेब्रुवारीला सक्ती उठली आणि संघाचे प्रयोजनही संपले. रॉल्फ यांचे आसन त्यामुळे ढळले नाही; १९३१ पर्यंत ते महापौर राहिले. आज्ञेने रोष उत्पन्न केला, पण आज्ञा संपताच तोही विझला आणि मतपेटीपर्यंत पोहोचला नाही.

आज्ञा आणि मृत्यू यांतील हा भेद अमेरिकेपुरता नाही, हे महाराष्ट्राच्या इतिहासावरून पडताळता येते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने काही हजार माणसे दगावली. परंतु त्या वर्षीच्या साथरोग कायद्याखाली सैनिकांनी केलेल्या घरझडत्यांनी शहर पेटले आणि २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. १९१८ च्या इन्फ्ल्यूएन्झाने मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास बळी घेतले, तरी सरकारविरुद्ध तसा उद्रेक झाला नाही. शुश्रूषेचा पुष्कळ भार स्वयंसेवी संस्थांनी उचलला आणि सरकार घराच्या उंबरठ्याशी आलेच नाही. मताधिकार नसलेल्या प्रजेतही रोष उमटला तो मृतांच्या संख्येप्रमाणे नव्हे, तर सत्तेच्या स्पर्शाप्रमाणे.

२०२० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीशी तुलना केल्यास शतकभरात काय बदलले ते ध्यानात येते. त्या वर्षी साथ चालू असताना सुमारे ६६ टक्के मतदारांनी मतदान केले. इतके प्रमाण १९०० नंतर कधी नव्हते. टपालाने मत देण्याची सोय विस्तारली होती. मुखपट्टी हे पक्षाचे चिन्ह बनले आणि साथनिवारण हा प्रचाराचा विषय झाला. रोग दोन्ही वेळा होता. मधल्या काळात राज्यसंस्थेकडून असलेली अपेक्षा वाढली होती. म्हणून साथीच्या राजकीय परिणामांचा अभ्यास करताना मृत्यूच्या आकड्यांपासून आरंभ करणे पुरेसे नाही. त्या मृत्यूंचा जाब कोणाला विचारावा, असे त्या काळच्या माणसाला वाटत होते, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. १९१८ चा मतदार तो कोणालाच विचारीत नव्हता. आणि म्हणूनच पावणेसात लाख मृत्यूंनंतरही त्या साथीची आठवण अमेरिकेच्या राजकीय इतिहासात दीर्घकाळ जवळजवळ पुसली गेली.